अरबाबची रायफल आणि माझा शब्द

माझ्या हातून आजवर एकही जनावर मेलेलं नाही. पिंजऱ्यात उंदीर सापडला तरी तो लांब नेऊन सोडायला मी बायकोला पुढे करतो. असं असूनही २००८च्या शेवटापासून पुढचे पाच महिने, दुबईतल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या मालकाने आफ्रिकेतल्या मोठ्या शिकारीसाठी कुठली रायफल घ्यावी, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. ते मला कुणी दिलं नव्हतं. मी ते स्वतःच्या जिभेने ओढवून घेतलं होतं.

मी त्या कंपनीत टेंडरं भरणारा इंजिनिअर. मालक तिथलाच, पन्नाशीचा, अंगाने भरलेला, आवाजाने मऊ. आम्ही सगळे त्याला अरबाब म्हणत असू. एकदा फाइलवर सही घ्यायला त्याच्या केबिनमध्ये गेलो, तर तो समोरच्या पाहुण्याला सांगत होता की वाळूत नेली की त्याची जुनी रायफल अडकते, खटका मागेच येत नाही. दुरुस्तीला दिली की तेल पाजून परत येते आणि पुन्हा अडकते. मी फाइल धरून उभा होतो. गप्प उभं राहावं ना? पण नाही. "सर, ऑइल ज्यादा है," मी म्हणालो. "ऑइल को सँड चिपकता है. एकदम सुखा पोंछ के रखना, फिर नहीं अटकेगा."

अरबाबचं पेन सहीच्या अर्ध्यावर थांबलं. "तुम को कैसे मालूम?"

मला मालूम होतं कारण माझे वडील रत्नागिरीच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रागाराचे हवालदार होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या बंदुका पुसल्या. आई त्यांना कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ताटावर बसू देत नसे. शस्त्रागारात पाच गोळ्यांच्या बोल्टवाल्या रायफली होत्या, आणि एकेक काडतूस भरून उडवायची जुनाट मस्केटंही होती. बाबांचा जीव मस्केटांवर. ते म्हणत, "पाच गोळ्या हाताशी असल्या की शिपाई चार उधळतो. एकच असली की पाय रोवून उभा राहतो." त्यांनी स्वतः वर्षाच्या सरावाखेरीज कधी बार काढला नाही, त्यामुळे हे मत त्यांना फुकटात पडलेलं होतं.

हे सगळं मी अरबाबला मोडक्या हिंदीत सांगितलं. शिकारीतलं मला ओ की ठो कळत नाही, एवढं सांगायचं राहिलं. पुढच्या गुरुवारी ऑफिस सुटायच्या वेळेला त्याने मला बोलावलं आणि दोन कॅटलॉग समोर सरकवले.

प्रश्न असा होता. येत्या उन्हाळ्यात तो आफ्रिकेच्या दक्षिणेला जाणार होता. त्याला दोन जनावरं हवी होती: एक एलंड, म्हणजे बैलाएवढं थोराड हरीण, आणि एक रानरेडा. रायफल मात्र एकच घ्यायची, आणि ती आयुष्यभरासाठी. एक पर्याय एकबारीचा. तिचा खालचा खटका ओढला की नळीमागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो, उघड्या तोंडात एक काडतूस घालायचं, खटका मिटायचा. बस्स, एक गोळी. आखूड, हलकी, देखणी वस्तू. दुसरा पर्याय बोल्टवाली. दांडी उचला, मागे घ्या, पुढे ढकला. पोटात आणखी तीन गोळ्या बसलेल्या. दिसायला साधी, कुठल्याही कॅटलॉगच्या कुठल्याही पानावर सापडणारी.

अरबाबचं मन एकबारीत गुंतलं होतं. त्याच्या वडिलांनी डोंगरात पहाडी बकरे मारले ते असल्याच बंदुकीने, कारण गोळी मिळणं मुश्किल होतं. "वन बुलेट, वन बिस्मिल्ला," तो म्हणाला. "लेकिन वो आफ्रिका का आदमी बोलता है, बोल्ट लेके आओ." आफ्रिकेतला तो शिकारी वाटाड्या दर पंधरवड्याला ईमेल करायचा. अरबाब ती छापून घ्यायचा आणि माझ्यापुढे ठेवायचा. मी घरी जाऊन इंटरनेटवर वाचत बसे आणि पुढच्या गुरुवारी एका बाजूने बोलत असे, त्याच्या पुढच्या गुरुवारी दुसऱ्या. एकबारीत ठोकळ्याची यंत्रणा आखूड, त्यामुळे नळी लांब ठेवूनही बंदूक झुडपात अडकत नाही. बोल्टवालीत गोळी अडकली तर ती ओढून काढणारा आतला पोलादी पंजा मजबूत. एकबारीवाला माणूस जवळ जाईपर्यंत थांबतो. बोल्टवाल्याला रेडा उलटला तरी दुसरी संधी असते. करक, म्हणजे तिथला आटवलेला दुधाचा चहा यायचा, तो निवायचा, आणि आम्ही दोघं आफ्रिकेच्या गवतात फिरत असायचो.

मला ते आवडत होतं, हे कबूल केलं पाहिजे. बाहेर ऑफिसात बसवत नव्हतं. मी टेंडरं भरत होतो आणि मंदीत ती उघडणारं कुणी उरलं नव्हतं. खिडकीतून पाच क्रेन दिसत, त्यातली एकच हलायची, तीही वाऱ्याने. दर रविवारी, आठवड्याच्या पहिल्याच सकाळी, एचआरची मुलगी हातात पाकिटं घेऊन मजल्यावर यायची. ती ज्या टेबलाशी थांबेल तो माणूस दुपारपर्यंत आपला मग आणि मुलांचे फोटो पिशवीत भरायचा. ज्याची नोकरी गेली त्याचा व्हिसा गेला, आणि त्याच्या व्हिसावर बायकामुलांचे. महिनाभरात सगळं घर उचलायचं. खलास.

आणि त्या कंपनीत माझे भावजी होते.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साइटवर सर्व्हेअर. दोन वर्षांपूर्वी, कामाला माणसं पुरत नव्हती तेव्हा, मीच त्यांना रत्नागिरीहून बोलावून घेतलं होतं. शारजात अल नहदाला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, ते चौथ्यावर, आम्ही सहाव्यावर. पण ऑफिसात हे नातं कुणाला ठाऊक नव्हतं. तशी ताकीद मीच भावजींना पहिल्या दिवशी दिली होती. नातेवाईक भरले असं कुणी म्हणायला नको, आपण आपल्या लायकीवर उभं राहायचं, वगैरे. भावजी माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. ते "बरं" म्हणाले आणि त्यानंतर ऑफिसच्या लिफ्टमध्ये भेटले तर मला "गुड मॉर्निंग, सर" म्हणू लागले. मला ते खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

शुक्रवारी दुपारचं जेवण ताईकडे असायचं. भाची तेव्हा अकरावीत होती. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. तिच्या टेबलावर जाड पुठ्ठ्याची घरं उभी असत. बारावी तिथेच झाली पाहिजे, मध्येच शाळा बदलली तर वर्ष जाईल, बोर्ड बदलेल, सगळंच बदलेल, हे ताई वाढता वाढता दर शुक्रवारी बोलायची. डिसेंबरात सर्व्हे विभागातले दोघे गेले तेव्हा ती सरळ माझ्यावर आली.

"तू दर गुरुवारी त्याच्यासमोर बसतोस. त्याचा चहा पितोस. यांच्यासाठी एक शब्द टाकता येत नाही तुला?"

"टाकेन ना ताई. वेळ बघून टाकायला हवा."

"त्याला नको भरीला घालू गं," भावजी म्हणाले. "त्याची पण नोकरी आहे." आणि त्यांनी माशाचा काटा काढण्यात लक्ष घातलं.

शब्द टाकणं ही आमच्या घरात फार मोठी गोष्ट होती. बाबांनी अख्ख्या नोकरीत साहेबांकडे एकदाच शब्द टाकला. ताईचं लग्न ठरलं होतं आणि बदलीमुळे क्वार्टर सोडायची पाळी आली होती. सहा महिने मुदत मागितली आणि ती मिळाली. बाबा मरेपर्यंत ते सांगत असत. मोठ्या माणसाकडे एकदाच मागावं, नेमकं मागावं. रोज गेलं की त्याच्या दारचा कुत्रासुद्धा उठत नाही. शब्द खाली पडला की तो पुन्हा उचलता येत नाही. मी हे ऐकत वाढलो होतो, आणि बाबांचे दुसरे कुठलेच गुण माझ्यात आले नसले तरी हा एक पुरता मुरला होता.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक हैदराबादी ड्राफ्ट्समन होता. त्याचा मावसभाऊ आमच्याच कंपनीत स्टोअरला. हा गडी अरबाब दिसला रे दिसला की मागायचा. लिफ्टमध्ये मागायचा, पार्किंगमध्ये मागायचा, नमाजाहून परतताना मागायचा. "सर, मेरे भाई का खयाल रखना." अरबाब "इन्शाल्ला" म्हणायचा, कधी वैतागून "यल्ला, काम करो" म्हणायचा. हा हसत परत यायचा. मी एकदा विचारलं, तुला लाज वाटत नाही का? तो म्हणाला, "वो मना करता है, मैं फिर पूछता हूँ. उस में मेरा क्या घिसता है, भाई?" मी मनात त्याला तुच्छ लेखलं. मला वाटलं, याचे शब्द चिल्लर, माझा बंदा रुपया.

तो बंदा रुपया मी जपत बसलो. जानेवारीत एका गुरुवारी ठरवूनच गेलो, तर त्याच दिवशी अरबाबचा अबू धाबीचा प्रकल्प थांबला होता. तो कॅटलॉगची पानं न बघताच उलटत होता. अशा वेळी मागणं बरं दिसेना. नंतरच्या गुरुवारी त्याची आई आजारी. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो इतका खुशीत होता, एलंडच्या शिंगांबद्दल इतका रंगून बोलत होता, की त्यात आपलं रडगाणं घुसवणं मला जमलं नाही. दुःखात मागायचं नाही, आनंदात मागायचं नाही. मग मागायचं कधी, हे मी स्वतःला विचारलं नाही. दुसरंही एक होतं आणि ते जास्त लाजिरवाणं आहे. दर गुरुवारी त्या केबिनमध्ये मी नोकर नव्हतो. मागितलं असतं तर त्या क्षणी झालो असतो.

फेब्रुवारीत त्याने मला एका रेंजवर नेलं. दोन्ही प्रकारच्या रायफली तिथे मिळणार होत्या. मी आयुष्यात प्रथमच खांद्याला मोठी रायफल लावणार होतो. आधी एकबारी. खटका ओढला, ठोकळा लोण्यासारखा खाली गेला, मी काडतूस घातलं. शंभर मीटरवर कागदी रेडा. एकच गोळी आहे म्हटल्यावर मी पाय रोवले, श्वास धरला आणि नेम धरून राहिलो. धरून राहिलो. रेडा हलायला लागला. शेजारी उभा असलेला पाकिस्तानी उस्ताद म्हणाला, "साहब, इतना मत रुको. ज्यादा देर पकड़ोगे तो आँख थक जाती है, हाथ काँपता है. बन गया तो दबा दो, नहीं तो उतार लो, फिर से पकड़ो." मी चाप ओढला. दस्ता खांद्यात घुसला, आणि गोळी रेड्याच्या वरून मागच्या मातीच्या भिंतीत गेली.

बोल्टवालीच्या पहिल्या गोळीने मी रेड्याचा पाय गाठला. दुसरी पोटात. तिसरी खांद्यामागे, जिथे हवी तिथे. अरबाब दुर्बिणीतून पाहत होता. तो हसला नाही. "यू आर नॉट हंटर," एवढंच म्हणाला.

"नो सर," मी म्हणालो. "फादर ओन्ली क्लीनिंग."

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावणं आलंच. त्याला शिकारी नकोच होता बहुतेक. जो काही विकायला आला नाही आणि काही मागत नाही असा एक माणूस हवा होता. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी आणखीच गप्प बसलो असतो.

त्या शुक्रवारी ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. बाहेर माझी मुलं आणि भाची टीव्हीसमोर इंग्रजीत भांडत होती. सर्व्हेत आता चारच माणसं राहिली होती. ताईने गॅस बारीक केला आणि हळू आवाजात विचारलं, "टाकलास का रे शब्द?"

तिचे डोळे खोल गेले होते. मी म्हणालो, "टाकलाय."

"काय म्हणाले?"

"इन्शाल्ला म्हणाले."

तिने दोन्ही हात पदराला पुसले, नुसतेच, ओले नसताना. मग मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं आणि माझ्यासाठी वेगळं तूप काढून आणलं. मी मनाशी म्हटलं, येत्या गुरुवारी टाकायचाच आहे, चार दिवस आधी सांगितलं तर काय बिघडलं. पण एक खोटं बोलून ठेवल्यावर माझी घाई उलट कमी झाली. घरचा तगादा थांबला होता.

मार्चच्या शेवटी अरबाबने निर्णय घेतला. गुरुवारीच. त्याने कॅटलॉग मिटून बाजूला ठेवले होते. "बोल्ट," तो म्हणाला.

मी विचारलं, का? मला खरंच ऐकायचं होतं. पाच महिने मीही त्या गवतात फिरलो होतो.

त्याने जे सांगितलं ते हिंदी, इंग्रजी आणि अरबी मिसळून सांगितलं. मला ते मराठीतच आठवतं. एकबारी घेतली की माणूस जनावराकडे बघत नाही, स्वतःकडे बघतो. मी किती संयमी, मी किती सच्चा, मी एकाच गोळीचा. पण गोळी चुकते. माझ्या वडिलांचीही चुकायची, ते सांगत नसत. जखमी रेडा गवतात शिरला, तिथे तडफडत पडला, आणि माझ्या हातात रिकामी नळी. मग माझी इज्जत त्या जनावराच्या काय कामाची? दुसरी गोळी माझ्यासाठी नसते. त्याच्यासाठी असते.

शिकारीबद्दल मी आजवर ऐकलेलं ते सगळ्यात शहाणं बोलणं होतं, आणि पाच महिन्यांच्या वाचनात माझ्या हाती ते लागलं नव्हतं. तो मोकळा झाल्यासारखा खुर्चीत मागे रेलला. चहा नुकताच आला होता. मला वाटलं, हीच वेळ.

"सर, वन रिक्वेस्ट," मी म्हणालो, आणि भावजींचं नाव घेतलं. सर्व्हेअर. माझ्या बहिणीचे यजमान. मुलगी बारावीत जाणार आहे, एक वर्ष फक्त.

अरबाबने कप खाली ठेवला. "सर्व्हे?" त्याने फोन उचलून एचआरला विचारलं, अरबीत थोडं बोलला, आणि फोन ठेवला. "मंडे को साइन किया मैंने," तो म्हणाला. "सर्व्हे पूरा क्लोज. लेटर संडे को जायेगा. लेबर ऑफिस का पेपर भी हो गया."

मी म्हणालो, "सर, काही..." मराठीतच.

"वो हैदराबादी चार महीना मेरा दिमाग खाया. उसका भाई को मैं वेअरहाउस में डाला. एक पोस्ट था सर्व्हेवाला के लिए, फुजैरा में. जनवरी में. मैंने किसी को भी दे दिया." तो रागावला नव्हता. त्याला खरंच कोडं पडलं होतं. "तुम हर थर्सडे इधर बैठा. तुम क्यों नहीं बोला?"

याला बाबांचं उत्तर होतं, पण ते त्या केबिनमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी एचआरच्या मुलीने साइटवर पाकीट पाठवलं. संध्याकाळी भावजी सहाव्या मजल्यावर आले नाहीत, मीच खाली गेलो. ताई सोफ्यावर बसली होती आणि भाची आपल्या खोलीचं दार लावून होती. मी काही बोलायच्या आत भावजींनी मला बसायला खुर्ची दिली. "चालायचंच," ते म्हणाले. "सगळ्यांचंच चाललंय."

त्याच आठवड्यात हिशोबाच्या कागदांवर सह्या करायला त्यांना ऑफिसात बोलावलं. अरबाब सहसा अशा वेळी समोर येत नसे. त्या दिवशी आला. ते मला त्यानेच दुपारी सांगितलं, आणि अगदी चांगुलपणाने सांगितलं. तुझ्या बहनोईला मी सॉरी म्हटलं. त्याला म्हटलं, तुझ्या साल्याने मला गेल्या आठवड्याच्या आधी सांगितलंच नाही, नाहीतर मी काहीतरी केलं असतं. म्हणजे भावजींना कळलं. ताईला मी "टाकलाय शब्द" सांगितलं त्याला तेव्हा दीड महिना होऊन गेला होता, आणि ते तिने त्यांना त्याच दिवशी सांगितलेलं असणार.

त्या संध्याकाळी चौथ्या मजल्याचं दार वाजवायला माझा हात उठेना. शेवटी ताईनेच फोन करून खाली बोलावलं, खोके बांधायला. मी गेलो. भावजी पंख्याखाली दोऱ्या कापत बसले होते. ताई म्हणाली, "हे सांगत होते, अरबाब स्वतः भेटला आज. म्हणाला, तुमच्या मेहुण्याने फार प्रयत्न केले, पण माझा नाइलाज झाला." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू करायचं ते केलंस रे."

मी भावजींकडे पाहिलं. ते दोरीला गाठ मारत होते. "हो," ते म्हणाले, "फार कौतुक करत होता तुझं."

नंतर आम्ही दोघं टीव्हीचा खोका घेऊन लिफ्टने खाली निघालो, एका केरळी कुटुंबाने तो विकत घेतला होता. लिफ्टमध्ये मी म्हणालो, "भावजी, मी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. ते रागाने बोलले असते तर मला सोसलं असतं. ते नेहमीच्याच आवाजात बोलले.

"तिला काही सांगू नकोस. आईवडील गेले. तिला माहेर म्हणून आता तूच आहेस. तेवढं राहू दे तिला."

लिफ्टचं दार उघडलं आणि आम्ही खोका उचलला.

ते गेले. पुठ्ठ्याची घरं विमानात नेता येईनात, भाचीने ती स्वतःच दाबून चपटी केली आणि कचऱ्याच्या खोलीत टाकून आली. मी दुबईतच राहिलो. पुढच्या वर्षी माझंही पाकीट आलं, पण मला दुसरीकडे काम मिळालं, मला मिळतंच. अरबाब आफ्रिकेला जाऊन आला. रेड्याला दोन गोळ्या लागल्या, असं त्याने मला फोटो दाखवून सांगितलं. त्यानंतर त्याला माझं काही काम उरलं नाही.

भावजींनी पनवेलला एका बिल्डरकडे वर्षभर नोकरी केली, मग ती सुटली. मग चिपळूणला रस्त्याच्या कंत्राटदाराकडे, उन्हात, साठीला आल्यावर. मग घरीच बसून राहिले. भाचीचं बारावीचं वर्ष वाया गेलं, नंतर तिने कॉमर्स घेतलं, आणि आता एका पतसंस्थेत बसते. मी दर सुट्टीत जात असे. भावजी माझ्याशी गप्पा मारायचे, पावसाच्या, आंब्याच्या, क्रिकेटच्या. त्या विषयावर पुन्हा एक अक्षर नाही. मला वाटायचं, एकदा तरी हा माणूस मला शिवी देईल. सहा वर्षांपूर्वी ते हृदयविकाराने गेले. मला माफ करायला किंवा न करायला आता कुणी शिल्लक नाही, आणि ताईला सांगायचं तर त्यांचा शब्द मोडायचा.

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला गेलो होतो. ताईने जेवायला बोलावलं. भाचीचे सासू-सासरे आले होते. बोलता बोलता गल्फचा विषय निघाला आणि ताई त्यांना सांगायला लागली, ती सगळ्यांनाच सांगते तसं: मंदीत किती हाल झाले, यांची नोकरी कशी गेली, आणि माझा भाऊ कसा थेट मालकासमोर जाऊन बोलला. "एवढ्या मोठ्या अरबासमोर. यांच्यासाठी." सासरे माझ्याकडे आदराने बघत होते. मी भात कालवत होतो.

भाची समोर बसली होती. तिला आता पस्तिशी जवळ आली आहे, चष्मा लागला आहे. तिने सहज विचारलं, लहानपणी विचारायची तशाच इंग्रजीत, "मामा, हाउ मेनी टाइम्स डिड यू आस्क?"

"एकदा," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पाण्याचा तांब्या सासूबाईंकडे सरकवला. ताईने माझ्या पानात सुरमईचा आणखी एक तुकडा वाढला.

"विचारलं तरी," ती म्हणाली. "हल्ली कोण विचारतं कुणासाठी?"

मी मान खाली घालून तो तुकडा संपवला.